आधीं कोण?

कोल्हापुरांत दसरा चौकाजवळ जी जुनी दगडी वास्तु उभी आहे, तिला शहरांतील लहानथोर सारे ‘सीपीआर’ या आद्याक्षरांनीं ओळखतात. छत्रपति प्रमिलाराजे यांचें नांव धारण करणारें हें रुग्णालय मूळचें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होय. १८७५-७६ सालीं हिंदुस्थानांत येऊन गेलेल्या ब्रिटिश युवराजांचें तें नांव. अपरात्रीं आपलें माणूस घेऊन येथील अपघात विभागाची पायरी चढणाऱ्याच्या मनांत एकच प्रश्न असतो : “आमच्याकडे आधीं पाहतील ना?” प्रश्न साधा आहे, पण त्याचें आजचें उत्तर सहजासहजीं हातीं आलेलें नाहीं.

एके काळीं आधीं कीं मागाहून, हा प्रश्नच पुष्कळांना नव्हता. त्यांना दारच बंद होतें. परक्या पुरुषाला नाडी दाखविण्यापेक्षां दुखणें अंगावर काढणें घरंदाज स्त्रीला बरें वाटे. आनंदीबाई जोशी यांचें पहिलें मूल १८७८ सालीं अवघ्या दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्यांच्या वैद्यकशिक्षणाचा संकल्प उभा राहिला. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांना पदवी मिळाली, आणि कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची सूत्रें त्यांना देऊं केलीं. पण परत आल्या त्या क्षयानें खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या जागेवर त्या कधींच रुजू झाल्या नाहींत. पुढें राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनीं याच रुग्णालयांत सेवा केली आणि स्त्रियांना तें दार खऱ्या अर्थानें मोकळें झालें.

दार उघडलें तरी आंत गेल्यावर आधीं कोण, हें कोडें उरतेंच. त्याचें उत्तर प्रथम सांपडलें तें रणांगणावर. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य डॉमिनिक लारे यानें जखमींना उचलून आणण्यासाठीं वेगवान घोडागाड्या सिद्ध केल्या आणि एक दंडक घातला : ज्याची जखम अधिक गंभीर त्याच्यावर आधीं उपचार, मग तो सेनापति असो वा साधा शिपाई. हुद्द्याला प्राणांतिक महत्त्व देणाऱ्या त्या काळांत हा विचार क्रांतिकारकच म्हटला पाहिजे.

आज अपघात विभागांत चालतो तो हाच दंडक. रुग्ण येतांच त्याची शुद्ध, श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तांतील प्राणवायु पाहिला जातो. त्यावरून कोणाला तत्काळ हात लावावयाचा, कोण थोडें थांबूं शकेल आणि कोणाला पुष्कळ वेळ थांबवितां येईल, हें ठरतें. पुष्कळ ठिकाणीं यासाठीं तांबडा, पिवळा व हिरवा अशा रंगांच्या खुणा असतात. म्हणून हात मोडून कण्हणारा मुलगा तासभर बसून राहतो आणि मागाहून आलेला, मुकाट्यानें छाती धरून बसलेला गृहस्थ थेट आंत नेला जातो. मुलाच्या आईला हा अन्याय वाटतो, आणि तें स्वाभाविक आहे. परंतु जो अधिक ओरडतो तोच अधिक संकटांत असतो असें नाहीं. मात्र बसलेल्या रुग्णाला धाप लागली, ग्लानि आली वा वेदना वाढली, तर परिचारिकेला तत्काळ सांगावें. क्रम पुन्हा ठरवितां येतो.

आणखी एक भीति लोकांच्या मनांत घर करून होती, ती पोलिसांच्या ससेमिऱ्याची. अपघाताचा रुग्ण म्हटला कीं ‘आधीं पंचनामा, मग पट्टी’ असा समज दृढ होता. अशाच टोलवाटोलवींत एका स्कूटरस्वाराचा वाटेंतच प्राण गेला, आणि त्यांतून उद्भवलेल्या दाव्यांत २८ ऑगस्ट १९८९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निःसंदिग्ध निर्णय दिला : प्राण वाचविणें हें प्रत्येक डॉक्टरचें, सरकारी असो वा खासगी, पहिलें कर्तव्य, कायद्याचे सोपस्कार त्यानंतर. पोलिसांकडे नोंद आजही होते, पण तिच्यासाठीं उपचार अडून राहतां कामा नयेत.

अंतराची अडचणही कमी झाली आहे. २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. तरी कांहीं काम घरच्यांकडेच राहतें. त्रास नेमका केव्हां सुरू झाला, हें घड्याळ पाहून लक्षांत ठेवावें. पक्षाघातांत रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. चालू औषधांचीं पाकिटें आणि जुने कागद बरोबर घ्यावेत. सोबत एकदोन माणसेंच असावींत, आणि बोलणारा एकच असावा.

रुग्णालयाच्या बाकावर काढलेला तास फार लांबतो. परंतु त्या तासाचा एक अर्थ असतो : आंत कोणाचें तरी माणूस अधिक संकटांत आहे, आणि त्याला जात, हुद्दा वा ओळख न विचारतां आधीं घेतलें आहे. उद्यां आपली पाळी तशीच आली, तर बाहेरच्या बाकावर दुसरें कोणी असेंच थांबलेलें असेल.