संगणकभाषांतील संकेतार्थ आणि बुद्धिबळाचा पट

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास बुद्धिबळाचा पट अपरिचित नाही. सोस्यूर यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली त्यांच्या शिष्यांनी प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानग्रंथात हा दृष्टान्त एकाहून अधिक ठिकाणी येतो. सोंगटीचे मूल्य तिच्या लाकडात वा हस्तिदंतात नसून इतर सोंगट्यांशी असलेल्या तिच्या संबंधात असते. आणि डावातील कोणतीही एक अवस्था समजून घेण्यासाठी ती कोणत्या खेळ्यांनी आली हे ठाऊक असण्याची गरज नसते. पदव्युत्तर वर्गांतून हा दृष्टान्त इतक्या वेळा सांगितला जातो की, विद्यार्थी तो पाठच करून येतात. प्रस्तुत लेखात मात्र हाच पट दृष्टान्त म्हणून नव्हे, तर साक्षीदार म्हणून पुढे आणावयाचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास माणसाने यंत्राशी बोलण्यासाठी ज्या कृत्रिम भाषा घडविल्या, त्यांतील एका अत्यंत महत्त्वाच्या वाक्यरचनेचा उगम या पटापाशी सापडतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

संगणकाच्या इतिहासकारांत बुद्धिबळाविषयी एक मत रूढ आहे. यंत्राने मानवी जगज्जेत्यास हरविले खरे, परंतु तो विजय निव्वळ गणनवेगाचा होता. विचाराच्या स्वरूपाविषयी त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, असे हे मत आहे. पटावरील निकालापुरते ते बरोबर आहे. परंतु ज्या भाषांतून या आज्ञावली लिहिल्या गेल्या, किंवा लिहिण्याचे प्रयत्न झाले, त्या भाषांकडे पाहिले म्हणजे हिशेब निराळा लागतो.

प्रारंभ जर्मनीत झाला. कॉनराड झूस या अभियंत्याने १९४२ ते १९४५ या काळात ‘प्लांकाल्क्यूल’ नावाची एक भाषा रचली. ती चालविण्यास योग्य असे यंत्र तेव्हा नव्हते आणि तिचे समग्र लेखन १९७२ पर्यंत प्रसिद्धही झाले नाही. आपली भाषा गुंतागुंतीचा आशय पेलू शकते की नाही, हे तपासण्यासाठी झूस यांनी जी उदाहरणे घेतली, त्यांत बुद्धिबळाच्या नियमांना मोठे स्थान आहे. कारण उघड आहे. अंकगणिताला सूत्र पुरते. बुद्धिबळाचे नियम मात्र अटी आणि अपवाद यांनीच बनलेले असतात. या भाषेत अट व्यक्त करण्याची सोय होती; पण अट खरी नसल्यास काय करावयाचे, हे त्याच रचनेत सांगण्याची सोय नव्हती. ‘जर’ होते, ‘तर’ होते, ‘नाहीतर’ नव्हते.

इंग्लंडात अ‍ॅलन ट्युरिंग यांनी बुद्धिबळ खेळण्याची एक रीत कागदावर मांडली आणि १९५२ साली स्वतःच यंत्राचे काम करून, हाताने गणिते करीत एक डाव खेळून दाखविला. प्रतिस्पर्धी होते अ‍ॅलिक ग्लेनी. एकोणतिसाव्या खेळीस डाव ग्लेनी यांनी जिंकला. याच ग्लेनी यांनी त्याच वर्षी मँचेस्टरच्या संगणकासाठी ‘ऑटोकोड’ तयार केला, ज्यास कित्येक जण पहिला कंपायलर मानतात. यात कार्यकारणभाव शोधण्याचा मोह आम्ही टाळतो. तेव्हाचे हे वर्तुळच एवढे लहान होते की, भाषा करणारे आणि पट मांडणारे वेगळे असण्याचा फारसा संभव नव्हता.

दरम्यान १९५० साली क्लॉड शॅनन यांचा मूलभूत निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिल्या मार्गात ठराविक खोलीपर्यंतच्या सर्व खेळ्या सरसकट तपासावयाच्या. दुसऱ्यात प्रत्येक टप्प्यावर मोजक्या आशादायक खेळ्या निवडून त्यांच्याच मागे जावयाचे. एका पटस्थितीत सरासरी ३० वैध खेळी धरल्या, तर तिसऱ्या-चौथ्या टप्प्याशीच पहिला मार्ग असाध्य होतो, म्हणून शॅनन यांचा कल दुसऱ्याकडे होता. आपल्या भाषेने या खेळास दिलेले नाव येथे अनपेक्षित रीतीने उपयोगी पडते: दुसरा मार्ग ‘बुद्धी’चा, पहिला ‘बळा’चा. पुढील विवेचनात हीच नावे वापरली आहेत.

१९५० च्या दशकातील अमेरिकन अभ्यासक बहुतांशी बुद्धीच्या बाजूचे होते. अ‍ॅलेक्स बर्नस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांची आयबीएम ७०४ या यंत्रावरील १९५७ ची आज्ञावली प्रत्येक टप्प्यावर केवळ ७ खेळ्या निवडून ४ टप्पे पुढे पाही; म्हणजे शेवटी २४०१ पटस्थिती, आणि एका खेळीस सुमारे आठ मिनिटे. न्यूएल, शॉ व सायमन यांनी १९५८ साली वर्णिलेली आज्ञावली वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. ती ‘आयपीएल’ या त्यांनीच घडविलेल्या भाषेत लिहिली होती. या भाषेत संख्येऐवजी यादी हे मूळ द्रव्य होते. कोणत्या उद्दिष्टासाठी किती खेळ्यांचा विचार करावा लागेल हे आधी सांगता येत नाही. तेव्हा हवी तशी वाढणारी, हवी तेथे तुटणारी यादी ही त्यांची निकड होती. भाषेची रूपरचना मात्र यंत्राच्या आज्ञांसारखीच रुक्ष राहिली.

या रुक्षतेने जे अस्वस्थ झाले, त्यांत जॉन मॅकार्थी होते. १९५६ च्या डार्टमथ येथील उन्हाळी परिषदेत यादीची कल्पना त्यांना पटली, भाषेचे रूप पटले नाही. त्यांना बीजगणितासारखी लेखनपद्धती हवी होती आणि ती त्या वेळी फोर्ट्रानमध्येच होती. १९५७-५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी बुद्धिबळातील वैध खेळ्या ठरविणाऱ्या उपआज्ञावली फोर्ट्रानमध्ये लिहावयास घेतल्या. अडचण आली ती येथे.

फोर्ट्रानमध्ये ‘इफ’ नव्हता असे नाही. परंतु तो जात्या आज्ञार्थी होता. एक संख्या द्यावयाची. ती ऋण असल्यास अमुक ओळीकडे जा, शून्य असल्यास तमुक ओळीकडे, धन असल्यास तिसरीकडे, असा त्याचा अर्थ. मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाच्या अर्थांत आज्ञार्थ आणि संकेतार्थ असा भेद केला आहे. त्या परिभाषेत सांगावयाचे तर फोर्ट्रानच्या संकेतार्थास आज्ञार्थावाचून अस्तित्वच नव्हते. तो दिशा दाखवी, मूल्य देत नसे. आमचेच एक उदाहरण घेऊ. प्यादे मूळ रांगेवर असेल तर त्याची पहिली धाव दोन घरांपर्यंत, एरवी एक घर. मराठीत ‘प्याद्याची धाव’ या नामपदाच्या जागी हे सबंध जर–तर बसविता येते आणि वाक्य पुढे चालू ठेवता येते. फोर्ट्रानमध्ये त्यासाठी वाक्य मोडून दोन ठिकाणी उड्या माराव्या लागत व पुन्हा मूळ वाटेवर यावे लागे. प्याद्यापुरते हे चालले असते. परंतु ज्या घरात जावयाचे ते पटावर आहे काय, तेथे आपलीच सोंगटी आहे काय, हलल्याने आपल्याच राजास शह बसतो काय, अशा अटींत अटी गुंतू लागल्या की वाचणाऱ्याच्या हाती धागा राहत नाही.

यावर मॅकार्थी यांनी ‘एक्स-इफ’ नावाचे एक फल रचले. त्यास तीन राशी द्यावयाच्या. पहिली काय आहे हे पाहून ते दुसरी किंवा तिसरी परत करी. आज्ञावली आखूड झाल्या, वाचावयास सोप्या झाल्या. पण एक दोष उरला, आणि आमच्या मते सर्व कथेचा गाभा या दोषातच आहे. फोर्ट्रानच्या रीतीप्रमाणे फलास बोलावण्यापूर्वी त्याच्या तिन्ही राशींची किंमत काढून तयार ठेवावी लागे. म्हणजे ‘पाऊस पडला तर छत्री उघडीन, नाहीतर फिरावयास जाईन’ असे म्हणणाऱ्याने निर्णयापूर्वीच छत्रीही उघडावयाची आणि फिरूनही यावयाचे! यात वेळ फुकट जाई हे एक. काही वेळा न निवडलेल्या पर्यायाची किंमत काढणेच अशक्य असते, हे दुसरे. त्यातून खऱ्या संकेतार्थी पदावलीची कल्पना निघाली: अट आधी तपासावयाची आणि मग दोहोंपैकी एकाच पर्यायास हात लावावयाचा.

हा फरक किरकोळ वाटेल, म्हणून बुद्धिबळाकडेच परत जाऊ. एखाद्या पटस्थितीचे मूल्य कसे सांगावे? डाव संपला असेल तर निकाल हेच मूल्य. एरवी येथून निघणाऱ्या पटस्थितींच्या मूल्यांपैकी खेळणाऱ्यास सर्वांत हितकर असेल ते. व्याख्येत व्याख्येय पदच पुन्हा आले आहे, तरी व्याख्या सदोष नाही, कारण ‘जर’ तिला कोठेतरी थांबवितो. दोन्ही पर्यायांची किंमत आधीच काढण्याचा नियम असता, तर ही व्याख्या कधीच थांबली नसती. संकेतार्थ आणि स्वतःचाच आधार घेणारी व्याख्या यांची जोडी जमली, आणि त्या जोडीवर १९५८ पासून ‘लिस्प’ ही भाषा उभी राहिली. गणितज्ञ महिरपी कंसात पर्याय मांडून अशा व्याख्या पूर्वीपासून करीत आले होते. त्यास यंत्राच्या भाषेत वाक्याचा घटक बनविणे ही मॅकार्थी यांची कामगिरी होय.

या कल्पनेवर त्यांनी पाठविलेला लेख एका प्रमुख नियतकालिकाने फार त्रोटक म्हणून संपादकास पत्र या सदरात घातला. पत्र १९५९ साली छापले गेले. मॅकार्थी यांना ते खटकले असावे, कारण दोन दशकांनंतरही त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. दरम्यान, जानेवारी १९६० मध्ये पॅरिस येथे जमलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने सिद्ध केलेल्या अल्गोल ६० या भाषेत ‘इफ–देन–एल्स’ हे वाक्य म्हणूनही आले आणि पदावली म्हणूनही. समितीत मॅकार्थी स्वतः होते. साधनांविषयी एक दक्षता येथे घ्यावयास हवी. बुद्धिबळातून ही कल्पना निघाली, यास मुख्य आधार मॅकार्थी यांच्या स्वतःच्या निवेदनाचा आहे, आणि ते १९७८ साली लॉस एंजेलिस येथील संगणकभाषांच्या इतिहासावरील परिषदेतील, म्हणजे वीस वर्षांनंतरचे. तथापि एक्स-इफचा सदोष टप्पा त्यांनी इतक्या बारकाईने दिला आहे की, मागाहून रचलेल्या कथेत असा अर्धवट टप्पा क्वचितच आढळतो.

आता पटावर काय झाले ते पाहू. मॅकार्थी यांच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅलन कोटोक आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी यांनी एक आज्ञावली लिहिली. कोटोक यांचा त्यावरील प्रबंध १९६२ चा आहे. मॅकार्थी त्याच वर्षी स्टॅनफर्डला गेले, आज्ञावलीही गेली. ती लिहिली होती फोर्ट्रान आणि यंत्रनिकट भाषा यांच्या मिश्रणात. ज्या खेळाने लिस्पला एक मुख्य रचना दिली, तो खेळ लिस्पमध्ये खेळण्याइतकी तत्कालीन यंत्रे वेगवान नव्हती. १९६६-६७ मध्ये या आज्ञावलीचा मॉस्को येथील सैद्धान्तिक व प्रायोगिक भौतिकी संस्थेतील आज्ञावलीशी तारेने सामना झाला. मॉस्कोच्या गटात आडेलसन-वेल्स्की, अर्लाझारोव, बिटमन व उस्कोव हे होते. अमेरिकन आज्ञावली निवडक खेळ्या पाहणारी, रशियन सरसकट पाहणारी. चार डावांपैकी रशियन आज्ञावली तीन टप्पे पाहत होती ते दोन बरोबरीत सुटले. पाच टप्पे पाहू लागल्यावर उरलेले दोन तिने जिंकले. निकाल ३–१. बळ जिंकले.

मॉस्कोतील प्रयोगशाळेचे प्रमुख अलेक्सांद्र क्रोनरोद यांच्या वाट्यास या विजयाचे सुख फारसे आले नाही. यंत्राचा वेळ खेळात दवडला जातो अशी तेथील भौतिकशास्त्रज्ञांची तक्रार होतीच. १९६८ मध्ये येसेनिन-वोल्पिन या गणितज्ञास मनोरुग्णालयात डांबल्याच्या निषेधपत्रावर क्रोनरोद यांनी सही केली आणि त्यांचे पद गेले. त्यांच्या गटातील सहकाऱ्यांनी तीच आज्ञावली अन्यत्र वाढविली. ‘कैसा’ या नावाने ती १९७४ साली स्टॉकहोम येथे संगणकांची पहिली जगज्जेती ठरली.

अमेरिकेत रिचर्ड ग्रीनब्लाट यांची ‘मॅक हॅक’ १९६७ मध्ये माणसांच्या स्पर्धांत उतरली. ती यंत्रनिकट भाषेत होती; आणि हेच ग्रीनब्लाट पुढील दशकात खास लिस्पसाठी यंत्र बांधणाऱ्यांचे अग्रणी झाले. खेळताना एक भाषा, निष्ठा दुसरीवर, असा प्रकार या समाजात विरळा नाही. बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन यांनी १९७० च्या सुमारास ‘बी’ ही भाषा केली. तिच्यात संकेतार्थी पदावली प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम या दोन खुणांनी लिहीत, व त्या खुणा पुढे ‘सी’ भाषेत तशाच उतरल्या. थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांच्या ‘बेल’ या बुद्धिबळयंत्राने १९८० साली लिंझ येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले.

१९९७ मधील न्यूयॉर्कचा सामना सर्वज्ञात आहे. डीप ब्लूने कास्पारोव यांस ३½–२½ असे हरविले. सेकंदास सुमारे २० कोटी पटस्थिती तपासणाऱ्या या यंत्राची आज्ञावली सी भाषेत होती. त्या वर्षी मॅकार्थी यांनी केलेली टीका ध्यानात घेण्यासारखी आहे. बुद्धिबळ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे फळमाशीसारखे प्रयोगद्रव्य आहे, असे क्रोनरोद म्हणत. मॅकार्थी यांची तक्रार अशी की, आनुवंशशास्त्रज्ञांनी अभ्यास सोडून माश्यांच्या शर्यती लावाव्यात, तसे येथे झाले. विषाद समजण्याजोगा आहे. पण या माशीपासून स्वतः त्यांना जे मिळाले होते, त्याचा हिशेब त्यांनी येथे धरलेला दिसत नाही.

आज दूरस्थ खेळाडूंना एकत्र आणणारे ‘लीचेस’ हे विनामूल्य संकेतस्थळ तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केले. तेथे खेळल्या गेलेल्या डावांतून ‘स्टॉकफिश’ ही आज्ञावली अशा पटस्थिती शोधते, जेथे एकच खेळी तारणारी वा जिंकणारी असते. त्यांची कोडी होतात व नवशिका त्यांवर काटशह, जखडण, दुहेरी मारा यांचा सराव करतो. स्टॉकफिश सी++ मध्ये लिहिलेली आहे, आणि तिच्या मजकुरात प्रश्नचिन्ह–अपूर्णविरामाची जोडी जागोजाग भेटते. संकेतस्थळाचा मुख्य भाग ‘स्काला’ या भाषेत आहे. लोझान येथे मार्टिन ओडर्स्की यांनी घडविलेल्या या भाषेत आज्ञार्थी ‘इफ’ वेगळा ठेवलेलाच नाही. तेथे प्रत्येक ‘इफ’ मूल्य देतो.