आवाजाचा ठेवा : तबकडीपासून संगणकापर्यंत

लिहिलेलें राहतें आणि बोललेलें विरून जातें, हा अनुभव मानवजातीस सहस्रावधि वर्षें होता. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केला व १८८७ सालीं बर्लिनरनें चपट्या तबकडीचा ग्रामोफोन पुढें आणिला, तेव्हां हा नियम मोडला. हिंदुस्थानांत १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरलें. जगांतील तबकड्यांसाठीं लागणारी लाखही त्या काळीं मुख्यत्वें आपल्याच देशांतून जात असे.

परंतु टिकाऊ वाटणारी ही तबकडीही चिरंजीव नाहीं. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें १९३५ पासून 'यंग इंडिया' छापाच्या तबकड्या काढल्या आणि नवख्या व हौशी कलावंतांसही संधि दिली. १९५५ सालीं हें उत्पादन थांबलें. पुढें त्या तबकड्या मिळत, त्या बहुधा खाजगी संग्राहकांच्या कपाटांत किंवा जुन्या बाजारांत. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या मंडळाचे श्री. सुरेश चांदवणकर यांनीं ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानें त्यांपैकीं शेंकडों तबकड्या मिळवून संगणकावर उतरविल्या. कारखाना गेल्यावर जें वांचलें, तें घरोघरच्या हौसेमुळें वांचलें, हा यांतील बोध होय.

आतां आमच्या पनवेलकर वाचकांनीं आपापल्या घराकडे पाहावें. १९४८ सालीं व्हिनाइलची दीर्घ तबकडी आली आणि १९६३ सालीं फिलिप्सनें कॅसेट आणिली. कॅसेटीनें एक मोठी गोष्ट केली. ध्वनिमुद्रण कारखान्यांतून काढून घरांत आणिलें. लग्नांतील गाणीं, गायनवृंदाचा सराव, आजीची बोली, हें सर्व त्या फितीवर उतरलें. कारखान्याच्या तबकडीस शेंकडों भावंडें असतात. घरीं भरलेली कॅसेट बहुधा एकुलती एक असते. शिवाय खाडीकांठच्या या भागांत पावसाळ्याचे चार महिने हवा दमट, आणि दमट हवेंत फितीवर बुरशी चढते. म्हणून आमचें मत असें कीं, आधीं कॅसेटी व मग तबकड्या, असाच क्रम ठेवावा.

कृति कठीण नाहीं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खांच रुंद असते, म्हणून तिला जाड सुई लागते. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची बारीक सुई तिच्या तळाशीं घसरते व खरखर वाढविते. तबकडीयंत्रांतून निघणारा विद्युत्प्रवाह क्षीण असल्यानें तो फोनो प्रीॲम्पमधून संगणकास द्यावा. कॅसेट लावण्यापूर्वीं यंत्राचें हेड पुसून घ्यावें व फीत एकदां पुढें-मागें फिरवून मोकळी करावी. बुरशी दिसल्यास ती यंत्रांत न घालतां जाणकाराकडे न्यावी. संगणक ध्वनिलहरीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन तें आकड्यांत लिहितो. जतनासाठीं ९६,००० मापें घेणें अधिक चांगलें. पहिल्या प्रमाणानें दोन वाहिन्यांच्या एका तासाच्या ध्वनीस सुमारें ६०० मेगाबाइट जागा लागते. २००० सालापासून मिळणारी 'ऑडॅसिटी' ही प्रणालि या कामास विनामूल्य आहे. मात्र साठ मिनिटांच्या कॅसेटीस साठ मिनिटें द्यावींच लागतात. शंभर कॅसेटी म्हणजे शंभर तास. येथें घाईचा उपाय चालत नाहीं.

दोन गोष्टींची सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. खरखर काढण्याच्या उत्साहांत आवाजाचा गाभाही निघून जातो. म्हणून जसाच्या तसा उतरलेला मूळ ध्वनि एका फाइलींत अबाधित ठेवून संस्कार दुसऱ्या प्रतीवर करावे, आणि प्रती निरनिराळ्या तीन ठिकाणीं ठेवाव्या. तसेंच, काम झालें म्हणून जुनी फीत टाकून देऊं नये; उद्यां याहून सरस यंत्रें निघालीं, तर तिच्याकडेच पुनः यावें लागेल.

सर्वांत निकडीचें काम यंत्राचें नव्हेच. फितीवर गाणारा कोण, प्रसंग कोणता, साल कोणतें, हें सांगणारीं वृद्ध माणसें अजून आपल्यांत आहेत. त्यांना शेजारीं बसवून फीत ऐकवावी व तीं सांगतील तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. नांव नसलेला आवाज संगणकांत शंभर वर्षें राहिला, तरी तो कोणाचाच राहत नाहीं.