मिडिन
मिडिन : (शास्त्रीय नाव – स्टेनोक्लीना पॅलुस्ट्रिस, कुल – ब्लेक्नेसी). दलदलीच्या उष्ण प्रदेशात झाडांवर चढत जाणारा नेचा. भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटांपर्यंत त्याचा प्रसार आहे. भारतात तो केरळच्या पाणथळ जागी सापडतो. भाजी म्हणून त्याची खरी चलती मात्र बोर्निओत. मिडिन हे तिथल्या सारावाकमधले (मलेशिया) नाव. कालिमंतानात (इंडोनेशिया) यालाच केलाकाई म्हणतात. सध्याचे शास्त्रीय नाव १८७६ मध्ये मद्रास इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी रिचर्ड बेडम यांनी रूढ केले.

मूलक्षोड (जमिनीसरपटी खोड) लांब, चिवट असते. आधार मिळाला की ते बुंध्याला धरून उंच जाते. नाही मिळाला, तर जमिनीवरच फोफावून दाट जाळी करते. कोवळे पान टोकाशी गुंडाळलेले, लालसर आणि लुसलुशीत असते. उलगडता उलगडता ते हिरवे, चकचकीत व चामड्यासारखे होते. मग ते खाण्याच्या कामाचे राहत नाही. म्हणजे खुडणाऱ्याच्या हाती असतात ते थोडेच दिवस. बीजुके धरणारी पाने वेगळी व क्वचित येणारी : त्यांच्या दलिका फितीसारख्या अरुंद, खालची बाजू तपकिरी बीजुककोशांनी पूर्ण भरलेली. एकाच वेलीवरची ही दोन पाने नवख्याला दोन वनस्पतींची वाटावीत. लागवडीसाठी बीजुकांची वाट पाहण्यापेक्षा मूलक्षोडाचे तुकडे लावणे सोपे.

मिडिन जंगलातली भाजी म्हणून विकली जाते खरी, पण गर्द सावलीचे तिला फारसे प्रेम नाही. झाडे तोडलेली, जळालेली जागा, रस्त्याकडेची ओल, पामतेलाचे मळे, अशा उघड्या ठिकाणीच ती माजते. तेव्हा मिडिन मुबलक दिसली, म्हणून रान धड आहे असे समजू नये.

सारावाकच्या बाजारात शेंड्यांच्या जुड्या येतात. खुडल्यावर ते लवकर निबर होतात, त्यामुळे त्याच दिवशी शिजवलेले बरे. नेहमीची पद्धत अशी, कढई कडक तापवायची : तेलात लसूण आणि बलाचान (आंबवलेल्या कोलंबीचा गोळा) परतून त्यात शेंडे टाकायचे आणि जरा हलवून लगेच उतरवायचे. शिजूनही ते करकरीत राहतात, थोडे बुळबुळीतही लागतात. कालिमंतानातील दायाक समाजात बाळंतिणीला ही भाजी देण्याची चाल आहे. मूलक्षोड खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही. म्हणून पूर्वी मासे पकडण्याचे सापळे त्यानेच बांधत.