कामगार

दिल्लीच्या करोल बागेतल्या एका गलाईच्या दुकानात विट्याकडचा तरुण ई-श्रम पोर्टलचा फॉर्म भरत होता. शेजारी मुशीतलं सोनं निवत होतं. व्यवसायाच्या रकान्याशी तो अडला. "काका, कामगार लिहू की कारागीर?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. 'कामगार'मधलं काम संस्कृत 'कर्म'पासून, प्राकृत 'कम्म'वरून आलं. 'गार' हा फारसी प्रत्यय, गुन्हेगारातला. दोन भाषांचा सांधा असा बेमालूम बसलाय की डाग दिसत नाही. मराठीत हा शब्द आधी हुद्द्याचा होता. पाटीलकीचं काम प्रत्यक्ष पाहणारा तो 'कामगार पाटील'. 'कामगार तलाठी' तर अगदी अलीकडेपर्यंत शिक्क्यावर भेटायचा. गिरण्यांचे भोंगे वाजू लागले आणि शब्द घामाचा झाला.

मग कायद्याने त्याला कुंपण घातलं. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात कारकून कामगार ठरायचा, व्यवस्थापक नाही. 1923च्या भरपाई कायद्याच्या नावातला 'वर्कमन' 2009च्या दुरुस्तीत 'एम्प्लॉई' झाला. अपघात झाला की भरपाई मिळणार का, हे अशा एका शब्दावर ठरतं. म्हणून तो नीट लिहायला हवा.

"हातानं काय करतोस?" मी विचारलं.

"सोनं गाळतो."

पोर्टलच्या यादीत त्याच्या जवळचं काम आम्ही शोधून निवडलं. गावी जत्रेला गेला की सगळे त्याला 'गलाईवाला'च म्हणतात.