केस्लापूरची भेट

वेखंड आपल्या घरातलंच. बाळाला न्हाऊ घातलं की डोक्याला वेखंडाची पूड चोळायची, हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून परवा एका गोष्टीचं फार नवल वाटलं. कोरियात उन्हाळ्यात ‘दानो’ नावाचा सण असतो. चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस, म्हणजे साधारण आपला ज्येष्ठ. त्या दिवशी बायका वेखंड उकळलेल्या पाण्याने केस धुतात आणि उंच उंच झोके घेतात. गांगनुंग या गावी तर ‘मुदांग’ म्हणवल्या जाणाऱ्या, देवाशी बोलणाऱ्या बायका गाऊन-नाचून विधी करतात. डोंगरावरचा देव खाली गावात आणतात, त्याची देवीशी भेट घडवतात. 2005 मध्ये युनेस्कोने या सणाला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं.

वाचून झालं आणि मला आपल्या दारातली जत्रा आठवली. सण उन्हाळ्यातला नाही, पौषातला. पण देवाला पाणी आणणं, देवाला बोलावणं, देवाची भेट, सगळं तेच. आदिलाबादहून उटनूरच्या रस्त्याला इंद्रवेल्ली लागते, तिथून जवळच केस्लापूर. तिथला नागोबा. पौष अमावास्येच्या रात्री मेसराम कुळाचे गोंड त्याची महापूजा करतात. आपल्या तेलंगणात मेडारमच्या सम्मक्का-सारक्का जत्रेनंतर आदिवासींची हीच सर्वांत मोठी जत्रा.

लग्न होऊन मी या जिल्ह्यात आले तेव्हा सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला होता, “तिकडे बळी देतात, आपण जायचं नाही.” मीही कितीतरी वर्षं गेले नाही. शेवटी आमच्याकडे कामाला येणाऱ्या गोंड बाईनेच मला नेलं. तिची सून त्या वर्षी ‘भेटीला’ बसायची होती.

आधी जत्रेची तयारी सांगते. अमावास्येच्या कितीतरी दिवस आधी मेसराम मंडळी पांढरे कपडे घालून अनवाणी निघतात. जन्नारमच्या बाजूला गोदावरीवर हस्तिनमडुगू म्हणून डोह आहे, तिथून पितळी झारीत पाणी आणायचं. वाट रानातली, मैलोन्‌मैल. परत आल्यावर केस्लापुरात वडाच्या झाडांखाली मुक्काम. सिरीकोंड्याच्या कुंभारांकडून नवी मडकी. कुळात माणसं कितीही असोत, चुली बावीसच. त्यावरच पाळीपाळीने सगळ्यांचा स्वयंपाक. मला हे फार आवडलं. आपल्याकडे पंगतीत चूल कुणाची यावरून रुसवे होतात!

कुळाच्या देवाचा पुजारी तो कातोडा. ज्याच्या अंगात देव येतो, जो देवाचं म्हणणं सांगतो, तो भक्तल, आपल्या बोलण्यातला भगत. आणि कुळाचा इतिहास ज्यांच्या तोंडी आहे ते प्रधान. किकरी वाजवत ते रात्र रात्र पूर्वजांची कथा सांगतात. गंमत अशी की प्रधानांच्या घरची बोली मराठी, आणि देवापुढे गातात ते गोंडीत. गोंडांची वही म्हणजे हे प्रधान. ते नसते तर बावीस चुलींचा हिशेबही कुणाला सांगता आला नसता.

आता भेट. मेसराम घरात लग्न होऊन आलेली मुलगी नागोबाला दाखवल्याशिवाय कुळाची होत नाही. तोवर कुळाच्या पूजेत तिला जागा नाही. महापूजेनंतर, ऐन अमावास्येच्या थंडीत, नव्या सुना पांढरी साडी नेसून, तोंडावर पदर ओढून रांगेने येतात. म्हातारी माणसं त्यांना देवापुढे नेतात, ओळख करून देतात. झालं, ती मेसराम झाली. आणि लेकी? त्यांनाही मान आहे. लेकी मडक्यातून पाणी आणतात, जावई माती कालवतात, त्या मातीचं वारूळ घडवतात. लग्न होऊन गेलेली लेक म्हणजे परकी, असं तिथे देवच म्हणू देत नाही.

भेट झालेली ती पोर बाहेर आली तेव्हा थंडीने कुडकुडत होती आणि हसत होती. बाई मला म्हणाली, “ताई, तुमच्यात सुनेला देवाला भेटवत नाहीत का?”

मी “नेतात की देवळात” म्हणाले खरी. पण त्या नेण्यात माझी ओळख कुणी कुणाला करून दिली होती? मी नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेले.

राहिला बळीचा प्रश्न. तो मी गिळून टाकणार नाही. गोंडांच्या पेर्सापेनाच्या पूजेत बकऱ्याचा बळी असतो, आणि मला तो आजही पाहवत नाही. आपल्या पूर्वजांनी हाच प्रश्न याच मुलखात हजार वर्षांपूर्वी विचारला आहे. सोमदेवसूरींचं ‘यशस्तिलक’ शक 881 मध्ये, म्हणजे इसवी सन 959 साली पुरं झालं. वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या आश्रयाने. वेमुलवाडा इथून दक्षिणेला, आपल्याच तेलंगणात. करीमनगरकडे कुर्क्यालच्या बोम्मलगुट्टावर तर पंप कवीचा भाऊ जिनवल्लभ याने कोरवलेली चक्रेश्वरी अजून आहे. तेव्हा आपण इथे काल आलेलो नाही.

यशोधराची कथा तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. आई चंद्रमती बळी द्यायला सांगते, राजा खरा कोंबडा मारायला तयार होत नाही, म्हणून पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापतात. रक्ताचा थेंब नाही. तरी दोघांना जन्मामागून जन्म पशुयोनीत भोगावं लागतं. का? तर मनात मारलं होतं. ही कथा आपण नेहमी दुसऱ्याच्या देवीकडे बोट दाखवून सांगतो. मला वाटतं, ती आपल्यासाठी लिहिली आहे.

कारण या जिल्ह्याचा इतिहास वाचला की हिंसा फक्त सुरीने होत नाही हे कळतं. निजामाच्या राज्यात जंगलं राखीव झाली, गोंडांना पोडूच्या शेतातून उठवलं. जमिनी बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, सावकारांच्या नावावर चढल्या. 1940 मध्ये कोमरम भीम जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने पडला. त्यानंतर सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांत पाठवलं. तो मार्लवाईला राहिला, गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या, गोंडीची पहिली पुस्तकं देवनागरीत झाली. नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, हा दरबारही 1942 पासूनचा. आपले सेतुमाधवराव पगडी याच काळात या कामावर होते, त्यांनी गोंडांवर पुस्तक लिहिलं. म्हणजे देवाच्या दारात जमिनीचं दुःख सांगायची सोय करावी लागली, एवढं ते दुःख मोठं होतं.

सूर्यास्तानंतर जेवण नाही, पाणी गाळल्याशिवाय पिणं नाही, हे आपलं व्रत. पण व्याजाच्या वहीत एखाद्याचं शेत गेलं असेल तर ती वही कुणी गाळली? सगळेच तसे होते असं मी म्हणत नाही. पण पिठाच्या कोंबड्याचं पाप लागतं असं मानणाऱ्यांनी कागदावरच्या शेताचाही विचार करायला हवा.

1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली. राजुरा, किनवट मुंबई राज्याकडे गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात. नागोबाला मात्र सीमा लागली नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडून माणसं अजून येतात. डिसेंबर 2022 मध्ये नागोबाचं नवं दगडी देऊळ उभं राहिलं, तेही मेसरामांनी घराघरातून पैसा जमवून.

आणि नाग आपल्यालाही परका कुठे आहे? जळत्या लाकडातलं नागांचं जोडपं राजकुमार पार्श्वांनी पाहिलं, तेच पुढे धरणेंद्र-पद्मावती झाले अशी आपली श्रद्धा. आपल्या भगवंताच्या डोक्यावर फणा आहे. मग नागोबापुढे हात जोडताना माझा हात का अवघडला असेल?

मी हात जोडले. बळीबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि बाईलाही ते मी मोकळेपणाने सांगितलं. ती म्हणाली, “तुमचा नेम तुम्हाला, आमचा आम्हाला. पाया पडलात ना, झालं.”

यंदा माझी सून घरात आली. देवळात नेलं तेव्हा मी तिला रांगेत मागे उभी केली नाही. हात धरून पार्श्वनाथांपुढे नेलं, माझ्या आईचं दिलेलं तिचं नाव मोठ्याने सांगितलं, कुठल्या गावची, काय शिकलेली तेही. बरोबरच्या बायका बघत राहिल्या. एकीने हळूच विचारलं, “ही कुठली रीत गं?”

म्हटलं, “केस्लापूरची.”