घाटाखालचे गाव : चांदवड

परदेशी जाऊन आलेली माणसे तिकडच्या लहान, जुन्या गावांचे फार कौतुकाने वर्णन करतात. स्वीडन देशाच्या पूर्वेला समुद्रात गॉटलंड नावाचे बेट आहे. त्यावर विस्बी म्हणून एक बंदर आहे. सातशे वर्षांपूर्वी बाल्टिक समुद्रावरचे व्यापारी तिथे येत. लोकर, मेण, मीठ, धान्य यांची उलाढाल होई. पुढे १३६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने ते बेट जिंकले, व्यापारही हळूहळू दुसरीकडे गेला आणि विस्बी मागे पडले. पण गावाभोवतालचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा दगडी तट तसाच उभा राहिला. आज लोक लांबून तो पाहायला येतात.

श्रोतेहो, हे ऐकले म्हणजे वाटते, असे गाव आपल्याकडे कुठे? तर ते आहे आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरच आहे. नाशिकहून मालेगावकडे जाणारी मोटार साधारण चाळीस मैलांवर, म्हणजे ६४ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत थांबते. तेच चांदवड. तिथे समुद्र नाही हे खरे. पण बंदर म्हणजे तरी काय? जिथे वाट अरुंद होते, जिथे आल्यागेल्याला थांबावेच लागते, ती जागा. दक्षिणेतून खानदेशाकडे आणि पुढे उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या बैलांच्या तांड्यांना सातमाळ्याची डोंगररांग ओलांडावी लागे. घाट चढण्यापूर्वी बैलांना पाणी हवे, माणसांना रात्रीचा निवारा हवा. त्या गरजेतून गाव वाढले.

हे गाव किती जुने? यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथात यादव राजांची वंशावळ दिली आहे. यादवांच्या एका जुन्या कोरीव लेखात दृढप्रहार नावाच्या मूळ पुरुषाचे नगर म्हणून चंद्रादित्यपुराचा उल्लेख येतो. चंद्रादित्यपूर म्हणजेच आजचे चांदवड, असे अनेक अभ्यासक मानतात. तो काळ नवव्या शतकाचा. म्हणजे देवगिरीचे वैभव उभे राहण्याच्या कितीतरी आधी यादवांचे पाऊल या डोंगराखाली पडले होते. डोंगरातले जैन लेणे आणि त्यातल्या तीर्थंकरांच्या मूर्तीही जुन्या वस्तीचीच साक्ष देतात.

वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती मुलूख. म्हणूनच चांदवड, इंद्राई, राजधेर, कोळधेर असे किल्ले इथे जवळजवळ उभे आहेत. १६३५-३६ च्या सुमारास शहाजहानच्या फौजेने या रांगेतले किल्ले घेतले. पुढे ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परत येत होते. त्यांना अडवायला मोगल सरदार दाऊदखान बुऱ्हाणपुराकडून निघाला, तो चांदवडला येऊन पोचला. महाराज जवळच्याच खिंडीतून डोंगर उतरत होते. १७ ऑक्टोबरला दिंडोरीच्या बाजूला लढाई झाली आणि मराठ्यांनी मोगलांचा पराभव केला. शाळेत आपण वणी-दिंडोरीची लढाई म्हणून जी पाठ करतो, ती हीच.

अठराव्या शतकात चांदवड होळकरांकडे आले आणि गावाला भरभराटीचे दिवस आले. होळकरांची टांकसाळ इथे होती. तिच्यातून निघालेला चांदवडी रुपया आसपासच्या बाजारांत चाले. होळकरांचा वाडा, ज्याला लोक रंगमहाल म्हणतात, तो याच काळातला. लाकडी खांब, त्यांवरचे कोरीवकाम आणि भिंतींवरची रंगीत चित्रे त्यात आहेत. चित्रे काळाने बरीच पुसली. १७६७ ते १७९५ या काळात होळकरांचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंचे नाव या वाड्याशी जोडलेले आहे. डोंगरकड्यातल्या रेणुकामातेच्या देवळाचीही व्यवस्था त्यांनीच लावली, असे गावात सांगतात.

मग हे वैभव गेले कसे? दोन गोष्टी घडल्या. पहिली राजकीय. यशवंतराव होळकरांशी चाललेल्या युद्धात १८०४ साली इंग्रजांनी चांदवड घेतले. तह झाल्यावर ते होळकरांना परत मिळाले. पण महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, तेव्हा होळकरांना सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडावा लागला. त्यात चांदवडही गेले. धनी गेला, मग काही वर्षांतच टांकसाळही बंद पडली.

दुसरी गोष्ट जास्त खोल गेली. १८६० नंतर आगगाडी आली, ती डोंगर टाळून लासलगाव, मनमाडवरून गेली. तांडे थांबले, माल स्टेशनाकडे वळला. मनमाड वाढले, चांदवड मागे राहिले. विस्बीसारखेच, लढाईत गेले त्याहून अधिक व्यापाराची वाट बदलल्याने गेले. गावांच्या नशिबात तलवारीपेक्षा चाकाचा हात मोठा असतो, तो असा.

तरी गाव निजले नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये याच चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. खेड्यापाड्यांतून शेतकरी बाया भाकरी बांधून आल्या आणि जमिनीच्या हक्काविषयी बोलल्या. पुढे घरच्या बाईच्या नावे जमिनीचा वाटा करून देण्याची 'लक्ष्मी मुक्ती'ची चळवळ निघाली, तिचे बीज या विचारात होते. अहिल्याबाईंचा वाडा ज्या गावात आहे, तिथे हे घडले, हे ध्यानात ठेवावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलांची सहल दूर नेण्याआधी एकदा आपल्याच गावाची काढा. तट कुठून कुठवर होता, जुना रस्ता कुठून जाई, कोणत्या विहिरीवर बैल पाणी पीत, हे म्हाताऱ्या माणसांना विचारू द्या. कुणाच्या घरी मोडी कागद, जुना रुपया असेल तर तो जपायला सांगा. वाळवी एका पावसाळ्यात दफ्तर खाते, आणि जुने नाणे सोनाराच्या मुशीत गेले की पुन्हा हाती येत नाही. वाड्याचा ढासळलेला दगड कुणाच्या कुंपणाला लागला, की त्याचा इतिहासही तिथेच संपतो. विस्बीचा तट उभा आहे, तो तिथल्या लोकांनी उभा ठेवला म्हणून. आपल्या गावाचे काय, ते आपणच ठरवायचे आहे.