खुर्चीतून अंगणात

मोठ्या हुद्द्यावरील एखाद्या स्त्रीने पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास राजीनामा देऊन काही निराळेच काम आरंभिले की आपल्याकडे दोन उद्गार हमखास ऐकू येतात. ‘एवढी चांगली जागा, हिला काय कमी पडले?’ हा एक. आणि ‘हे सारे अलीकडचे खूळ’ हा दुसरा. बँका, कंपन्या, महाविद्यालये यांतून अधिकारी स्त्रियांची संख्या वाढल्यामुळे हे उद्गार आता अधिक वेळा कानी पडतात, इतकेच. यांपैकी दुसऱ्या उद्गाराचे उत्तर इतिहासाकडे मागता येते. आणि ते मागितले असता पहिल्याचेही उत्तर थोडेफार हाती लागते, असे आम्हांस वाटते. त्यासाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींची हकीकत आज आपण पाहू.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस, प्रार्थनासमाजाच्या सुधारकी वळणाच्या केळकर घराण्यात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळेल. विवाहानंतर १९१५ साली त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली तो मोडला. पदरी लहान मुलगी होती. अशा स्थितीत राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. जागा मानाची होती. हाताखाली शिक्षकवर्ग होता. एकट्या स्त्रीला त्या काळात याहून सुरक्षित आसरा कोणता मिळणार?

तरीही १९२३ च्या सुमारास त्यांनी ती जागा सोडली आणि त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करू लागल्या. तेथील मंडळी मोठी मजेदार होती. संस्थेचे संस्थापक नानाभाई भट्ट हे प्राध्यापकी सोडून आलेले, तर गिजुभाई वकिली सोडून. त्यांच्या पंक्तीला आता या प्राचार्या येऊन बसल्या. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वकिलाने वकिली सोडली की समाज त्याला त्यागी म्हणतो. एकट्या आईने नोकरी सोडली की तिला अविचारी म्हणतो. पाऊल तेच, पण स्त्रीला त्याची किंमत दुप्पट पडते.

आमच्या मते ही ताराबाईंची खरी उडी नव्हे. ती पुढेच आहे. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले, मराठी ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली, बालवाडीच्या शिक्षिका तयार होऊ लागल्या. बालशिक्षण म्हटले की ताराबाई, असे समीकरण झाले. सामान्य माणूस येथे थांबतो, आणि थांबला तर त्याला कोणी दोष देत नाही.

पण नेमके याच सुस्थितीत असमाधानाचे बीज होते. मादाम माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह काढले, ते सान लोरेंझो या गरीब वस्तीतील मजुरांच्या मुलांसाठी. हिंदुस्थानात मात्र ती पद्धती आली ती महागड्या लाकडी साधनांसह आणि सुखवस्तू घरांतील मुलांसाठी. १९३१ साली लंडनमध्ये माँटेसोरींच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना गांधीजींनी हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोचावे अशी इच्छा बोलून दाखवली होती. ज्या स्त्रीने वीस वर्षे बालकांचे हक्क सांगितले, तिला हा प्रश्न टाळता येईना. सात लाख खेड्यांतील बालकांचे काय?

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई शहरातील बसलेला व्याप मागे ठेवून डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. आज पालघर जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी त्या टापूत सावकारी व वेठबिगारी यांविरुद्ध वारल्यांचा उठाव चालू होता. जेथे माणूसच दुसऱ्याच्या ताब्यात, तेथे बालशिक्षणाची भाषा कोण ऐकणार? ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले, पण पाड्यावरील मुले शाळेत येईनात. थोरले पोर गुरांमागे, त्याहून धाकटे सर्वांत धाकट्याला सांभाळायला. शाळेत यायचे कोणी?

येथे जुन्या प्राचार्यांचे अनुभवी मन कामास आले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका पाड्यावर जाऊन कोणाच्या तरी अंगणात मुले जमवू लागली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने आली. पहिला धडा अक्षराचा नव्हता, हातपाय धुऊन केस विंचरण्याचा होता. १९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलविले गेले, तेव्हा ताराबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. नोकरदार माणूस त्या वयात निवृत्तीचीही काही वर्षे मागे टाकून बसलेला असतो.

आता अनुताईंकडे वळू. १९१० साली जन्मलेल्या या मुलीचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच तिला वैधव्य आले. शिकून शिक्षिका होणे हाच तेव्हा तिला मोकळा असलेला रस्ता होता. त्यांनी अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि पुण्याच्या हुजूरपागेत कायमची नोकरी मिळविली. १९४५ साली, पस्तिशीत, ती नोकरी सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीस गेल्या आणि ताराबाईंच्या पश्चात १९९२ पर्यंत तेच काम पुढे नेत राहिल्या.

दोन्ही चरित्रे शेजारी ठेवली म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की या दोघींची पहिली जागा ही परिस्थितीने दिलेली होती. एकीला मोडलेल्या संसाराने, दुसरीला वैधव्याने नोकरीच्या दारात उभे केले. पुरुष बहुधा विशीतच आपला व्यवसाय निवडतो. या स्त्रियांना खरी निवड करावयास अर्धे आयुष्य जावे लागले. म्हणून त्यांचे मध्यम वयातील असमाधान हे चंचलपण नव्हे, ती लांबलेली निवड होय.

दुसरी गोष्ट, त्यांचे मागचे काही वाया गेले नाही. प्राचार्यपदावर शिक्षिका घडविण्याची जी हातोटी कमावली, तीच कोसबाडला उपयोगी पडली. जागा बदलली, शिदोरी तीच होती.

तिसरी गोष्ट आजच्या भगिनींनी विशेष ध्यानी घ्यावी. या उड्या आंधळ्या नव्हत्या. पाठीशी संघ होता, सोबतीला सहकारी होते, आणि पुढचे पाऊल मागच्याला धरून होते. सर्वांनी राजीनामे द्यावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जिच्या पगारावर घर चालते, तिला त्यागाचा उपदेश करणे ही क्रूरता होय. पण जिला आपल्या खुर्चीत अस्वस्थ वाटते, तिने त्या अस्वस्थतेला कृतघ्नपणा समजू नये, आणि तिच्या घरच्यांनीही समजू नये.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आपल्या गल्लीतील अंगणवाडीची पाटी आपण रोज पाहतो. ‘हिला काय कमी पडले?’ या प्रश्नाचे उत्तर त्या पाटीवरच लिहिलेले आहे. कमी काहीच पडले नव्हते. करावयाचे मात्र अजून उरले होते.